बिनसणाची साडी

सुग्रीवला बिल्डिंग हवी होती ती शेठ व्हायला नव्हे, बसायला. जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या मिलमध्ये भट्टीसमोर सव्वीस वर्षं उभं राहून त्याचे गुडघे कामातून गेले होते. बदनापूरला स्टेशनमागे राधेश्याम शेठची बिल्डिंग विकाऊ होती. दोन मजले, सहा छोटे फ्लॅट, महिन्याचं भाडं तीस हजार, किंमत चाळीस लाख. जुना प्लॉट विकून सव्वीस लाख हाताशी आले होते. उरलेल्या चौदा लाखांनी मात्र गड्याला चार महिने दारोदार फिरवलं.

बँकेनं गोड बोलून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. जागा गुंठेवारीतली, बिगरशेती परवाना नसलेली, भाडेकरूंशी करार नाही, पावती नाही; शेठ भाडं हातात घेणार आणि खिशात घालणार. कागदावर बघाल तर त्या बिल्डिंगीत कुणी राहतच नव्हतं! शेठ स्वतः हप्त्यांवर द्यायला राजी होता, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत नाही म्हणे. म्हणजे पैसे सुग्रीवचे आणि बिल्डिंग शेठची. राहिली पतसंस्था. व्याज चढं, महिन्याला एकवीस हजारांचा हप्ता; पण दगडापेक्षा वीट मऊ. भाड्यातून हप्ता जाऊन नऊ हजार उरले असते. नवरा-बायकोला तेवढे पुरे होते. मिल सुटली असती.

तारणाला तीर्थपुरीजवळची वडिलांची जमीन होती. तिच्या सातबाऱ्यावर सुग्रीवसोबत थोरल्या बहिणीचं, जयवंताबाईचंही नाव होतं.

"एक तर बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या," पतसंस्थेचा मॅनेजर म्हणाला, "न्हाईतर तिला सोबत कर्जदार करा. मंग बिल्डिंगीतबी तिचं नाव लावावं लागंल."

दुसरी गोष्ट सुग्रीवच्या एका कानानं शिरली आणि दुसऱ्यानं गेली. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं, त्यात विचारायचं काय? त्यानं बायकोला साडी आणायला सांगितली. शालूनं दीड हजाराची आणली. एरवी ती नणंदेला पाचशेच्या वर जात नसे.

रविवारी तो तीर्थपुरीला बहिणीकडे पोचला तेव्हा जयवंताबाई नुकतीच कापूस वेचून आली होती. नवरा वारल्यापासून ती दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. भावाला बघून तिचा चेहरा उजळला. मग तिची नजर पिशवीतल्या साडीकडे गेली. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला.

"कागद कुठंय?" तिनं विचारलं.

"कसला कागद, अक्का?"

"ना दिवाळी, ना पंचमी. बिनसणाची साडी घेऊन भाऊ उगाच येतो का? शेजारच्या द्वारकाबाईचा भाऊबी असाच आल्ता. सही घेऊन गेला, तो अजून फिरकला न्हाई."

सुग्रीवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं खिशातून कागद काढला. तिनं तो वाचला नाही. पेन मागितलं.

"करते सही. तुला न्हाई म्हणायचं का मी? पण जमिनीचं काय करून राह्यलास?"

त्यानं बिल्डिंगीचं सगळं सांगितलं. "गुडघे गेले, अक्का. लई थकलो. आता बसून खावं म्हणतो."

"खा बाबा," ती म्हणाली. "थकल्यावर बसावंच मानसानं. मला कोणी थकलीस का इचारलं न्हाई, म्हणून मी चालत राह्यले."

एवढं बोलून ती चहा गाळायला उठली. एक हात गुडघ्यावर, एक दाराच्या चौकटीला, तोंडातून 'आई गं'. रोज पहाटे सुग्रीव असाच उठायचा. तो बघत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला. सही करून गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? त्यानं मनात हिशेब मांडला. एका फ्लॅटचं भाडं पाच हजार. नऊ हजारांतून पाच गेले, उरले चार. चार हजारांत मिल सुटत नाही.

चहा पुढे ठेवून जयवंताबाईनं कागद मांडीवर ओढला. सुग्रीवनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"अक्का, आधार कार्ड हाय का?"

"कशाला?"

"बिल्डिंगीत नाव लावायला. एका फ्लॅटचं भाडं दर म्हैन्याला तुझं. आता रानात जाऊ नको."

चहा निवून गेला तरी ती पदर डोळ्यांना लावून बसली होती. निघताना तिनं साडीची पिशवी त्याच्यापुढे केली.

"ही घेऊन जा. दिवाळीला घेऊन ये. सणाची म्हणून नेसते."

घरी शालू दारातच उभी होती. "झाली का सही?"

"करायचीय. दोघांनी मिळून."

शालूनं त्याच्या हातातली पिशवी पाहिली. तिला सगळं समजलं.

"मंग मिल?" तिनं विचारलं.

"मिल हायेच," सुग्रीव म्हणाला आणि उद्याच्या पाळीचे बूट दाराशी काढून ठेवले.