आई म्हटल्यावर

आमच्या घरात आई एकच होती, ती म्हणजे आजी. बाबा आणि काका तिला आई म्हणायचे, म्हणून मीही. आणि माझी सख्खी आई काकांची वहिनी, म्हणून माझीही वहिनीच. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते व्हिसा देणाऱ्या साहेबाला.

मी इथे परदेशात लिफ्ट दुरुस्त करतो. बाबा गेल्यावर वहिनी तिकडे एकटी पडली, म्हणून तिला कायमचं इकडे आणायला अर्ज केला. माझा जन्मदाखला उशिरा काढलेला, त्यामुळे साहेब आधीच साशंक. मुलाखतीत त्याने दुभाष्याकरवी विचारलं, "मुलगा तुम्हाला काय हाक मारतो?" ही बाई ठसक्यात म्हणाली, "वहिनी!" झालं. मी भावाची बायको आई म्हणून खपवतोय, असं साहेबाने ठरवलं. पुन्हा एकदा बोलावलं. तेव्हाही घोळ झाला तर अर्ज बाद.

"अगं, खरं सांगायला काय झालं होतं?" मी फोनवर भडकलो.

"खरंच तर सांगितलं," वहिनी म्हणाली.

मग दर रविवारी व्हिडिओवर तालीम. मी "आई" म्हणायचो आणि वहिनी मागे वळून बघायची. आजीला जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

"अगं बाई, तुलाच म्हणतोय!"

"हो रे, सवय नाही ना." आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

एका रविवारी ती हसली नाही. "सारखी हाक मारू नकोस," आवाज खाली आणून म्हणाली. "सासूबाई येऊन उभ्या राहतात दारात. नातू बोलावतोय म्हटल्यावर येणारच की."

एकटी राहून तिच्या मनावर परिणाम झालाय, दुसरं काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तिला तिथे आणखी ठेवायची मला भीती वाटायला लागली.

दुसऱ्या मुलाखतीत ती न अडखळता "आई" म्हणाली आणि व्हिसा मिळाला.

"जमलं की गं!"

"त्यांना विचारून म्हटलं," ती म्हणाली. "त्यांचं नाव घेतलं, आता त्यांना मागे कसं ठेवायचं?"

मी विषय बदलला.

विमानतळावरून तिला घरी आणलं. इमारतीची लिफ्ट मीच सांभाळतो. आत शिरल्यावर वहिनी कोपऱ्यात सरकली, अंग चोरून, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. मी बटण दाबलं. दार मिटेना. मधे काही आडवं आल्याशिवाय ते थांबत नाही, सकाळीच तपासलं होतं. मधे काहीच नव्हतं.

"बोलाव ना," वहिनी म्हणाली. "केव्हाच्या खोळंबल्यात."

मी रिकाम्या दाराकडे वळलो. "आई," मी म्हणालो, "ये आत."

दार मिटलं. वर पोचेपर्यंत मी वहिनीचा हात घट्ट धरून होतो. तिला आई म्हणायची सोय आता उरली नव्हती.