पिवळ्या चिठ्ठ्या

किराबोने पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. पिवळ्याधमक चिठ्ठ्या. खाइंझाच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

"ताई, ह्या डोंगरावरच्या बायकांना वाटाल? दवाखान्यात काय त्रास होतो, तेवढंच लिहू दे. नाव नको."

"वाटते की."

अकरा वर्षं खाइंझा जिल्हा कचेरीत तेच लिहीत आली होती. डोंगरावरच्या दवाखान्यात दुपारनंतर सुईण नसते, बाळंतपणाच्या खोलीला कुलूप असतं, दुसरी सुईण द्या. तिची फाइल कुणी उघडूनही बघितली नाही. आणि ही कालची पोर परदेशातून 'डिझाइन' शिकून येते काय, तिला खिडकीजवळची खोली मिळते काय, साहेब उठता-बसता 'आमची किराबो' करतात काय! खाइंझाचा नुसता जळफळाट होत होता.

पिवळा रंग सत्तेतल्या पक्षाचा. निवडणुकीत सदरे पिवळे, टोप्या पिवळ्या. त्या रंगावर तक्रार लिहायची डोंगरात कुणाची छाती होती? हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं; परदेशात राहून आलेल्या किराबोला मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं. पडू दे तोंडघशी, असं मनाशी म्हणत खाइंझाने हसतमुखाने घरोघर चिठ्ठ्या वाटल्या.

आठवड्याने साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. भरून आलेल्या चिठ्ठ्या चिकटवून भिंत पिवळी झाली होती.

"दोनशे चिठ्ठ्या, एक तक्रार नाही!" साहेब खूश होते. "म्हणजे तिथे दुसऱ्या सुईणीची गरजच नाही. ती जागा मी दुसरीकडे देतो. आणि किराबो, मंत्रीसाहेबांनी तुला कंपालाला बोलावलंय. आता हे सगळ्या जिल्ह्यांत करायचं."

टाळ्या पडल्या. किराबो मात्र भिंतीकडेच बघत राहिली.

"ताई, एकही तक्रार नाही?" तिने हळूच विचारलं. "माझं काही चुकलं का?"

आत्ता सांगितलं, तर चिठ्ठ्या वाटल्या कुणी, हे साहेब आधी विचारणार.

"छे गं. काय चुकणार?" खाइंझा म्हणाली.

मग तिला खालच्या ओळीतली एक चिठ्ठी दिसली. गोलगोल अक्षर, तिनेच लहानपणी गिरवून घेतलेलं. तिची भाची नांदुदू, आठवा महिना लागलेली. 'सगळं छान आहे. सरकारचे आभार.'

संध्याकाळी खाइंझा धापा टाकत डोंगर चढून गेली. नांदुदू पोट सांभाळत चुलीपाशी हिरवी केळी सोलत बसली होती.

"बाई गं, त्या कुलपाबद्दल का नाही लिहिलंस?"

"पिवळ्यावर?" नांदुदू हसली. "आणि मावशी, चिठ्ठी तूच आणून दिलीस ना. म्हटलं, तुला असंच लिहून हवं असेल."