बेल एकदाच वाजली

"दाबलं मी. काहीच झालं नाही," परीक्षक बाई म्हणाल्या.

परीक्षा देणारी मुलगी घाईनं म्हणाली, "जरा थांबा मॅडम. वाजेल."

वाजली बेल. पण तोवर बाईंनी वैतागून बटणावर आणखी चारपाचदा बोट मारलं होतं, आणि बेल वाजली ती एकदाच.

"हे अ‍ॅप आहे की सरकारी कचेरी? कितीही ठोठावा, उत्तर सावकाश, तेही एकच!"

संगणकाच्या वर्गात हशा पिकला.

कॉलेजचं शेवटचं वर्ष. अ‍ॅप बनवण्याच्या विषयात आज पास झाली, तर विद्यापीठात जागा; नाहीतर वर्ष पाण्यात. अ‍ॅप तसं साधंच. पडद्यावर एक मोठं लाल बटण. घरातल्या वडीलधाऱ्यानं ते दाबलं, की लेकीच्या फोनवर बेल. वापरणारं माणूस परीक्षेला सोबत आणायचं होतं, म्हणून तिचे बाबा मागच्या बाकावर अंग चोरून बसले होते.

बाबा घड्याळजी. केसासारख्या स्प्रिंगा चिमट्यात धरण्यात उभा जन्म गेला. मग देवाच्या मनात काय आलं कोण जाणे, उजव्या हातानं कंप धरला आणि दुकान आवरावं लागलं. त्यांचं बोट बटणावर एकदाच असं टेकत नसे. टपटप पडत राही. सुरुवातीला लेकीचा फोन भर वर्गात असा कोकलायचा की ती वह्यापुस्तकं टाकून घरी धावायची.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं चिमणे. चष्मा सापडेना."

तेव्हा तिनं अ‍ॅपला थोडं थांबायला शिकवलं. एकामागून एक कितीही टिचक्या पडोत, क्षणभर वाट पाहायची आणि सगळ्यांची मिळून एकच बेल द्यायची. महिनाभर तिनं ते बाबांच्या बोटावर घासूनपुसून नीट केलं. पण धडधाकट हाताच्या कुणाला एकदा दाबून बघ म्हणावं, हे काही तिला सुचलं नाही. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

"हे थांबणं कशासाठी ठेवलंस?" बाईंनी विचारलं.

उत्तर ओठांवर होतं. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. भरल्या वर्गात, बाबांच्या देखत, तिची जीभ रेटेना.

"चुकून राहिलं, मॅडम."

"मग काढ की. अर्धा तास देते."

काढायला अर्धा तास कशाला हवा? दोन ओळी खोडल्या, काम झालं. बाईंनी पुन्हा बाबांचा फोन हातात घेऊन टकटक केलं. जितक्या टिचक्या, तितक्या वेळा बेल.

"आता कसं! काका, या पुढे. तुम्ही एकदा वाजवून दाखवा. एकदाच हं. वापरणाऱ्याला जमलं की हिची सुटका."

मुलीनं मान खाली घातली.

बाबा उठले. टेबलापाशी येऊन त्यांनी फोनकडे जरा वेळ पाहिलं. डाव्या हातानं उजवं मनगट करकचून धरलं. श्वास रोखला. कपाळावरची शीर टरारून आली. बोट खाली गेलं, टेकलं आणि सुटलं.

बेल एकदाच वाजली.

"छान आहे, मॅडम," बाबा म्हणाले. "आमच्यासारख्यांना अगदी सोपं."

बाईंनी सही केली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, घरी गेल्या गेल्या ते परत घालते."

"काय परत घालतेस?"

"ते... थांबायचं."

"चुकून राहिलेलं ना ते?" बाबा हसले. "मग राहू दे की. चाललंय झकास."

आणि ते पुढे झाले, फोन उजव्या हातात धरून, अंगठा लाल बटणावर.

तिच्या पिशवीत बेल वाजली. मग आणखी एक. मग एकीचा पाय दुसरीत अडकावा तशा लागोपाठ. समोरून येणारी एक बाई म्हणाली, "अगं, फोन वाजतोय तुझा!"

"हो, माहितेय," ती म्हणाली.

तिनं फोन बाहेर काढला नाही, बंदही केला नाही. बाबांना गाठायला पावलांचा वेगही वाढवला नाही. दोघांमधलं अंतर तिनं होतं तेवढंच राहू दिलं.