तोफ बाकावर

मुलांच्या बेसबॉल संघात बारा जण होते आणि मैदानात जागा नऊ. म्हणजे दर डावाला तिघांनी बाकावर बसायचं. आत्याने संघ हाती घेतला त्या दिवशीच जाळीवर पांढरा फळा टांगला आणि सांगून टाकलं, "सगळे एकदा बसून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बसणार नाही. आणि चेंडू फेकायला सगळ्यांनी शिकायचं."

आत्या औषधांच्या दुकानात काम करायची. 'एखादी गोळी इकडे-तिकडे' हे तिच्या रक्तातच नव्हतं.

तिची भाची संघात सगळ्यात जोरात फेकायची, म्हणून पोरं तिला तोफ म्हणत. अंतिम सामन्यात पाच डाव झाले, धावा बरोबरीत. सहावा डाव शेवटचा, आणि फळ्यावरच्या यादीप्रमाणे बाकावर बसायची पाळी तोफेची.

तिचा बाप, म्हणजे आत्याचा दादा, तरातरा जाळीपाशी आला.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? घरचीच पोरगी बसवतेस?"

"घरचीला नाही बसवलं, तर दुसऱ्याच्या लेकराला कुठल्या तोंडाने बसवू?"

तोफेने हातमोजा बाकावर आपटला. "आत्या, मी दमले नाहीये!"

"माहितेय गं. तुझी पाळी आहे म्हणून बसायचं."

चेंडू आला निवांतच्या हातात. सुरुवातीला हा पोरगा मैदानात मुंग्या बघत उभा राहायचा, म्हणून पोरांनी त्याचं हे नाव पाडलेलं. त्याचा पहिलाच चेंडू भलतीकडे गेला. दादाने कपाळाला हात लावला. थोडा वेळ तोंड फुगवून बसलेली तोफ एकदम उठली आणि ओरडली, "अरे, खांदा खाली घे!" निवांतने घेतला. समोरच्यांना एक धाव मिळाली, पण डाव निभावला.

आता आपली फलंदाजी. समोरच्या संघाचा हुकमी एक्का पहिल्यापासून एकटाच फेकत होता. मुलांच्या हाताला इजा होऊ नये म्हणून एका दिवसात किती चेंडू फेकायचे याला मर्यादा असते. ती भरली तसा पंचांनी त्याला थांबवलं. त्यांच्या प्रशिक्षकाने बाकाकडे पाहिलं. तिथल्या एकालाही त्याने कधी चेंडू फेकू दिला नव्हता. ज्याला पाठवलं त्याचे चेंडू चारी दिशांना जाऊ लागले. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला आयता बेस, म्हणजे पुढचा टप्पा, मिळतो; चारही बेस पार करून घरी परतलं की एक धाव. आपली पोरं बॅट न हलवता एकेक बेस चालत गेली, दोन धावा घरी आल्या आणि सामना खिशात पडला.

दादा सगळ्यांत आधी नाचला. मग बहिणीला म्हणाला, "मला वाटलंच होतं!"

"हो का!" आत्या हसली.

शेवटी चेंडू फेकायला आलेला समोरचा पोरगा फेकायच्या उंचवट्यावरच रडत उभा होता. तोफ त्याच्याकडे गेली, चेंडू हातात घेऊन बोटं कुठे ठेवायची ते दाखवू लागली. दादाने हाक मारायला तोंड उघडलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "गाडी काही पळून जात नाही."