जुने यंत्र चालू राहील

कोपरगाव तालुक्यातील आमच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचे पौरोहित्य परंपरेने माझ्याकडे आहे. यंदा चेअरमन राधाकृष्णअण्णांनी त्याच मुहूर्ताला आणखी एक विधी जोडला. उसाच्या नोंदी सांभाळणारा आभासी सर्व्हर जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात उतरवून घेण्यात आला होता. आता सभासदांच्या साक्षीने अण्णांनी जुन्या यंत्राची कळ स्वहस्ते बंद करावी आणि ते भंगाराच्या टेम्पोत चढवावे, असे ठरले.

आभासी सर्व्हर म्हणजे काय, हे संगणक विभागातील वृषालीने मला पूर्वीच समजावले होते. "त्याला स्वतःचं शरीर नसतं, गुरुजी. दुसऱ्या यंत्राच्या आश्रयानं राहतो, म्हणून तर हलवता येतो." मला ही व्याख्या परकी वाटली नव्हती.

मी कलश मांडला. वृषाली मात्र यंत्राच्या खोलीला कुलूप लावून दारातच उभी राहिली. किल्ली तिच्या मुठीत होती.

"नोंदी अजून जुळवून पाहिलेल्या नाहीत, अण्णा. जुळल्याशिवाय जुनं बंद होणार नाही."

सर्व्हर हलवण्याचे काम घेतलेला, सावेडीहून आलेला कंत्राटदार हर्षल हसला. "मॅडम, नव्या मशीनवर स्क्रीन उघडलीय. अजून काय बघायचं?"

"दार उघडलं म्हणजे घरात माणसं आहेत असं नाही."

"शिंगणापूरला तर दारंच न्हाईत," मागून कोणी म्हणाले आणि हशा पिकला.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी आवाज उतरवला. "किल्ली दे, वृषाली. नोकरी कारखान्याची आहे, तुझ्या बापाची नाही."

"माझ्या बापाचा ऊसही इथंच येतो. म्हणूनच देत नाही."

अण्णा माझ्याकडे वळले. "गुरुजी, मुहूर्त टळतोय. तुम्ही तरी सांगा हिला."

मी पंचांग मिटले. "अण्णासाहेब, देवळाच्या जीर्णोद्धारात नव्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा यथासांग झाल्यावाचून जुनी मूर्ती जलात सोडण्याची घाई मी कधी केली नाही."

"यंत्र म्हणजे मूर्ती आहे का?"

"नाही. परंतु त्यात शेकडो घरांचे वर्ष साठलेले आहे. मुहूर्त मी दिला होता. तो मी मागे घेतो."

वृषाली मंडपाकडे वळली. तिने सभासदांना विचारले, "पोळ्याला प्रणाली सुधारली, त्यानंतर ऊस कुणी नोंदवला?"

भागूबाई गर्दीतून पुढे आल्या. नदीकाठी त्यांचा एकराचा तुकडा आहे. "म्या नोंदीवलाय. का गं बाई, गेला का काय?"

वृषालीने मंडपात मांडलेल्या नव्या यंत्राच्या पडद्यावर त्यांचे नाव शोधले. सापडले नाही. अण्णांनी स्वतः पुढे वाकून पुन्हा शोधायला लावले, तरीही नाही. मग तिने कुलूप काढले आणि जुन्या यंत्रात पाहिले. तेथे भागूबाई होत्या, गट क्रमांकासह, लागवडीच्या तारखेसह. नोंद नाही त्याला तोड नाही. तोडणीची टोळी त्या शेतात फिरकलीच नसती आणि ऊस तुरे येऊन उभाच वाळला असता.

हर्षलने मग चूक कबूल केली. पोळ्याच्या दिवशी प्रणाली सुधारताना त्याने त्या क्षणाची एक खूण, म्हणजे स्नॅपशॉट, राखली होती. पुढच्या साऱ्या नोंदी निराळ्या फाईलमध्ये साचत गेल्या, आणि नव्या यंत्रात नेताना त्याने केवळ मूळ फाईल नेली. नवा सर्व्हर जागा झाला होता, पण पोळ्याच्या दिवशी.

"दोन्ही फाईल एकत्र करून पुन्हा नेतो," तो पुटपुटला.

"न्या. जुळवणी मी करीन. तोवर हे चालू राहील," वृषाली म्हणाली, आणि पुन्हा कुलूप लावले.

अण्णांनी टेम्पो रिकामा परत पाठवला. उलटलेल्या वेळेला मी बॉयलरचा अग्नी प्रज्वलित केला आणि मंत्रातील एक अक्षरही घाईने उच्चारले नाही. परतताना अण्णा यंत्राच्या खोलीच्या दारापाशी वृषालीसमोर थांबले.

"चारचौघांत ऐकलं नाहीस. नोटीस मिळेल तुला."

"द्या, अण्णा. पण तिची नोंदसुद्धा जुन्याच मशीनवर होईल."