भिकुबाईचा खराटा

आमची आई भिकुबाई खराटा घेऊन निघाली की जमीनसुद्धा घाबरते, असं गावात म्हणतात. एरंडोलजवळच्या आमच्या गावात अंगण स्वच्छ कोणाचं, तर तिचं. आणि तिचा मुलगा कौतिक, म्हणजे मी, शेती करायला निघालो ती कचऱ्याची.

जळगावच्या डाळमिलमधलं काम सोडून आलो, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, दोन बिघे एका हंगामापुरते दिले. "वांगा जगनात ते वावर तुनं. नही ते परत मिलमा जाय," असं बजावलंही.

धुळ्याच्या एका संस्थेचे लीलाधरभाऊ आम्हा नवख्यांना बिनऔषधाची शेती शिकवायचे. त्यांचा पहिला धडा, जमीन उघडी ठेवायची नाही. म्हणून मी वांग्यांच्या सऱ्यांत केळीची वाळकी पानं, उडदाचं भूस, निंबाचा पाला असं सगळं अंथरलं. आई बांधावरून बघायची आणि नाक मुरडायची. वावर निर्मळ नसलं तर घरची बाई आळशी, हा आमच्याकडचा न्याय. पोराच्या पाल्यापायी लाज तिची जात होती.

मार्चात धुळ्याला तीन दिवसांचं शिबिर होतं. शेवटी सगळे शिकाऊ शेतकरी शिवारफेरीला माझ्याच वावरात येणार होते. वावर माझ्यावर सोडल्यापासून आबा तिकडे फिरकले नव्हते, तेही त्या दिवशी बघायला येणार होते. निघताना मी आईला एवढंच म्हणालो, "पाव्हना येथीन, जरा वावरकडे ध्यान ठेवजो." माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

मंडळींना घेऊन बांधावर पोचलो आणि जागीच थबकलो. बांधावर शेणाचा सडा, सड्यावर रांगोळी. आणि वावर? लख्ख. एक पान म्हणून नाही. पाल्याचा ढीग कोपऱ्यात. आई पदर खोचून, खराटा धरून उभी, तोंडावर अख्खी दिवाळी.

"तू गया, तवयच झाडाले लागनू," ती मला म्हणाली. मग लीलाधरभाऊंकडे वळून ओशाळली. "कंबर मोडी गई भाऊ, म्हनीसन त्या चार सऱ्या राही गयात."

छगन नावाचा एक शिकाऊ फिस्सकन हसला. लीलाधरभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. आईवर ओरडावं की बांधावर बसून रडावं, मला कळेना. तीन दिवस वीज नव्हती, त्यामुळे पाणीही नव्हतं. झाडलेल्या भागातल्या वांग्यांनी माना टाकल्या होत्या. उद्यापासून परत मिल, हे मी धरूनच चाललो.

मागून आलेले आबा थेट त्या चार राहिलेल्या सऱ्यांपाशी गेले. तिथली झाडं ताठ होती. त्यांनी पाला सारून मूठभर माती उचलली. ती ओली होती, तिचा लाडू वळला. मग झाडलेल्या भागातली घेतली, ती बोटांतून भुरभुर गळून गेली.

"जठे कचरा शे, तठे वल शे," ते म्हणाले.

आईच्या ध्यानात आलं तसा तिच्या हातातला खराटा गळाला. "मी पोऱ्यानं वावर मारी टाकं वं माय!" म्हणत ती मटकन खाली बसली. माझा राग कुठल्या कुठे गेला. बिचारीने पोराची अब्रू राखायला कंबर मोडून घेतली होती.

"तू झाडं म्हनीसन ते माले दखायनं," आबा तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कौतिक, वावर तुनं."

मग काय, सगळी शाळाच पाला परत पसरायला लागली. संध्याकाळी वीज आली, झाडांनी माना उचलल्या, आणि राहिलेल्या सऱ्यांतल्या वांग्यांचं भरीत मंडळींनी घाम पुसत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खराट्याचा आवाज कानी आला. अनवाणीच पळालो. बघतो तर आई गल्लीतली अंगणं झाडत होती, आमचं, शेजारच्या रहिमाबीचं, त्याच्या पुढचंही. पाल्याचं भलंमोठं गाठोडं बांधून झालं होतं.

"नुसतं काय दखी राहिना?" ती माझ्यावरच खेकसली. "तुना वावरमा कचरा कमी शे. हात लाव."