बिनक्लचचे आठ महिने

"इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून दाखवा," मावशी म्हणाल्या.

बाबांनी पहिला टाकला, दुसरा, तिसरा, चौथा, मग रिव्हर्स. एकही कुरकुरला नाही. मावशींनी नुसता हुंकार भरला आणि गाडीखालचं घमेलं बाहेर ओढलं. गिअरबॉक्समधलं काळं तेल त्यांनी त्यात उतरवून घेतलं होतं.

गिअरबॉक्सवाल्या मावशी म्हणून सगळं शहर त्यांना ओळखायचं. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, आणि चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे ती तार पाहून माझे हात शिवशिवत होते. पण गॅरेजात शिरल्याशिरल्या मी दोन सूचना केल्या होत्या आणि दोन्ही वेळा मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं होतं, की तिसरी सूचना मी गिळून टाकली.

आमची व्हॅन एकवीस वर्षांची. बाबा तिच्यातून डायलिसिसच्या रुग्णांना केंद्रावर न्यायचे आणि संध्याकाळी घरी सोडायचे. चार-चार तास सुया टोचून पडलेल्या माणसाला गाडीचा साधा हिसकाही सोसत नाही. बाबांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि खोटं कशाला बोलू, त्यांना तिचा गर्वही होता. पण गेले काही महिने गाडी जागेवरून निघताना गिअर करकरायला लागला होता. दोन गॅरेजवाल्यांचं बघून झालं, गिअरबॉक्स गेलाय, गाडी भंगारात काढा, असं दोघांनीही सांगितलं. गाडी गेली की बाबांचं काम गेलं, आणि कामाशिवायचे बाबा मला कल्पनेतही दिसत नव्हते. म्हणून मी रजा टाकून सोबत आले होते.

मावशींनी तेल दोन बोटांत चोळलं आणि बोटं दाराशी नेऊन उजेडात धरली. पितळेची पूड चमकली असती तर आतल्या कड्या झिजल्या असं समजायचं, त्यांनी मला सांगितलं. पूड नव्हती. तेलाच्या बुचाला आतून चुंबक असतो, त्याला मात्र पोलादाचे तीन-चार बारीक कण चिकटले होते. म्हणजे कुठला तरी दात खरवडतोय, पण बाकी पेटी धडधाकट आहे. मग त्यांनी नवीन तेल भरलं, स्वतः गाडी काढली आणि मागच्या रस्त्यानं एक फेरी मारून आल्या. गाडी करकरली नाही. रिव्हर्समध्येसुद्धा नाही.

माझा जीव भांड्यात पडला. बाबांचा चेहरा मात्र उतरला, आणि ते मला काही केल्या कळेना.

"आता तुम्ही चालवा, भाऊ," मावशी म्हणाल्या.

बाबांनी टाळाटाळ सुरू केली. तुम्ही बघितलंत ना, मग झालं की, आता उशीर होतोय, चार वाजता केंद्रावर माणसं वाट बघत असतील, असं काय काय. मावशी तोवर शेजारच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा. मला मागे बसवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं.

निघताना गाडीनं नेहमीसारखीच करकर केली. मग दुसरा पडला, तिसरा, चौथा, कधी पडले ते कळलंही नाही. मला वाटलं मावशी गिअरच्या दांड्याकडे बघत असतील. त्या बघत होत्या खाली, बाबांच्या पायांकडे. मीही पुढे वाकून बघितलं.

सिग्नलला गाडी थांबली. हिरवा दिवा लागला तसं बाबांनी डावं कोपर डाव्या गुडघ्यावर टेकवून सगळा भार त्यावर टाकला. पाय कसाबसा क्लचवर दबला, पण पुरता खाली गेला नाही, आणि त्याच हातानं त्यांनी पहिला गिअर रेटला. करकर झाली. त्यानंतर तो पाय चटईवर जो पडला तो तिथेच राहिला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गिअर त्यांनी क्लचला न शिवता टाकले.

मावशींनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"पाय कधीपासून असा आहे?"

"आठ महिने झाले," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मावशी मागे वळून माझ्याशी बोलायला लागल्या. क्लच दाबला की इंजिन सुटं होतं आणि गिअर अलगद बसतो. क्लचशिवाय टाकायचा तर इंजिनाचा वेग गिअरशी तंतोतंत जुळावा लागतो, पाव सेकंद चुकलं तरी दातावर दात आदळतात आणि आतली माणसं पुढे फेकली जातात. "तुझे वडील हे आठ महिने नुसत्या आवाजावर करतायत. आजारी माणसं गाडीत घेऊन. आणि आत पितळेची चिमूटभर पूड नाही. चाळीस वर्षं पेट्या उघडतेय मी, असा कान बघितला नाही कुणाचा."

मला बाबांचा प्रचंड अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी त्यांचा भयंकर रागही आला. रोज समोर बसून जेवणारा माणूस, आणि मला पत्ता नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते मी.

बाबांना कौतुकानं धीर आला असावा. क्लचला डावाच पाय लागतो, ब्रेकचा उजवा ठणठणीत आहे, त्यामुळे कुणाला धोका नाही, असं ते समजावून सांगायला लागले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडीत काही बिघाड नाही, भाऊ. माझं काम संपलं. उजव्या पायाचं मी काही तपासणार नाही. तो कसा आहे ते तुम्हीच सांगा."

बाबा बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिले.

"सकाळी बरा असतो," ते म्हणाले.

मग बाबांनी दार उघडलं, दाराला धरून खाली उतरले आणि मला म्हणाले, "ये पुढे. चार वाजत आले."

गाडी मला त्यांनीच शिकवली होती, आणि माझ्या हाताला ते कायम नावं ठेवायचे. मावशींना गॅरेजपाशी सोडलं, तेव्हा त्यांनी काही सल्ला दिला नाही. फक्त बाबांना वाकून नमस्कार केला. मला वाटलं त्या गंमत करतायत, पण तसं नव्हतं.

केंद्रावर पाच जण बाकावर वाट बघत होते. मला चालकाच्या जागेवर बघून सगळे बुचकळ्यात पडले. मी काहीतरी थाप मारणार होते, बाबांची तब्येत जरा बरी नाही वगैरे. पण बाबा आधीच बोलले. "माझ्या पायांत जोर राहिला नाही. आजपासून ही चालवेल, तिची रजा संपली की दुसरा कुणीतरी बघू. सुरुवातीला धक्के बसतील, सांभाळून घ्या."

एकेकाला त्यांनी आत बसवलं. सगळ्यात शेवटी पोस्टातून निवृत्त झालेले काका चढले, पाच जणांत तेच सगळ्यात खंगलेले. आता पुढची सीट मोकळी होती, पण बाबा तिकडे आले नाहीत. ते मागच्याच दाराशी उभे राहिले. त्यांनी उजवा पाय पायरीवर ठेवला, अंग वर उचलायला बघितलं आणि ते तसेच अडकले. मी पट्टा सोडून उठणार, तोच पोस्टातल्या काकांनी आतून हात पुढे केला.

"तो हात नको, सुयांचा आहे," बाबा म्हणाले.

काकांनी तो हात मागे घेतला आणि दुसरा पुढे केला. बाबांनी तो धरला. दोघंही धापा टाकत होते, पण बाबा वर आले, काकांच्या शेजारी बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

मी क्लच पुरता दाबला आणि पहिला गिअर टाकला.